विमा कंपनीचं पत्र: 'डॅमेज' की 'डॅमेजेस'?

सेक्रेटरी: सोसायटीतर्फे विमा कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदा वर टाकलाय. मीटररूम आणि पाण्याच्या मोटरीच्या नुकसानीचं लिहिलंय. काही सुचवायचं असेल तर रात्री दहापर्यंत सांगा.

ए-१०२: चांगलं झालंय. द्या पाठवून.

बी-३०२ (मॅडम): थांबा जरा. 'डॅमेजेस टू मीटर रूम' लिहिलंय, तिथं नुसतं 'डॅमेज' करा. डॅमेज म्हणजे नुकसान. दहा वस्तूंचं झालं तरी शब्द तोच राहतो. डॅमेजेस म्हणजे कोर्ट द्यायला लावतं ती नुकसानभरपाई. कंपनीचा माणूस घेईलही समजून, पण पैशाच्या पत्रात त्याच्यावर ती वेळ कशाला आणायची?

सेक्रेटरी: बरं झालं सांगितलंत. खाली 'वुई विल इन्शुअर' आहे, ते पण बघा की. वायरिंग तपासून घेऊ असं म्हणायचंय.

मॅडम: मग तिथं एन्शुअर. इन्शुअर म्हणजे विमा उतरवणं. आणि ॲशुअर तिसरंच. वर्गात मी हे मराठीतूनच सांगायचे: खात्री करणं ते एन्शुअर, खात्री देणं ते ॲशुअर. खात्री द्यायची तर समोर माणूस लागतो. एवढं धरून ठेवलं की मुलं चुकत नसत.

ए-४०१: मग एलआयसीच्या पॉलिसीवर 'सम ॲशुअर्ड' का असतं ओ?

मॅडम: चांगलं विचारलंत. ही इंग्लंडमधली जुनी रीत. आग लागेल किंवा लागणार नाही, पूर येईल किंवा येणार नाही, तिथं इन्शुरन्स. मृत्यू येणारच, फक्त कधी ते माहीत नसतं, म्हणून आयुर्विम्याला ॲशुरन्स. आमचे हे गेले तेव्हा मी पॉलिसीचे कागद हातात घेऊन बसले होते, त्या दिवशी तो शब्द मी पहिल्यांदा नीट वाचला.

सी-२०४: मॅडम, लेकीचं शाळेत आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाविषयी भाषण आहे. हिस्टॉरिक म्हणायचं का हिस्टॉरिकल?

मॅडम: इथं मराठीचा आधार मिळत नाही, दोन्हीला आपण ऐतिहासिकच म्हणतो. म्हणून तर गोंधळ होतो. ज्याची इतिहासात नोंद राहावी एवढं मोठं ते हिस्टॉरिक. जुन्या काळाशी नुसता संबंध असेल तर हिस्टॉरिकल. पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तो पूर हिस्टॉरिक. वर्षावर्षाच्या पातळ्यांची जुनी नोंदवही हिस्टॉरिकल. पूल १९२९ चा, आणि आजही पावसाळ्यात सगळी सांगली त्याच्याकडेच बघून पाणी मोजते. तिला बिनधास्त हिस्टॉरिक म्हणू दे. भाषण लिहून झालं की वर पाठव तिला, एकदा म्हणून घेऊ.

सी-२०४: उद्या शाळा सुटली की पाठवते.

सेक्रेटरी: दोन्ही दुरुस्त्या केल्या. नवा मसुदा टाकलाय, बघून घ्या.

मॅडम: बघितला. आता बरोबर आहे. वर पॉलिसी नंबर राहिलाय, तेवढा घाला.