'दर्शन दिलं' की 'दिसला'?

मिरजेहून:
ईस्टरच्या उपासनेत वाचन आहे म्हणून माझी मावशी घरी तयारी करत होती. प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15 : मरणातून उठलेला येशू कुणाकुणाला दिसला, ते तिथे सांगितलंय. पुस्तकातलं वाचून झालं की ती तेच आपल्या शब्दांत सांगते : "प्रभूनं केफाला, म्हणजे पेत्राला, दर्शन दिलं, मग बारा जणांना दिलं, मग एकदम पाचशेहून जास्त भावांना दिलं." मंडळीतल्या एका तरुणानं तिला मध्येच थांबवलं. 'दर्शन' हा देवळातला शब्द, आपण 'प्रकट झाला' म्हणावं, असं त्याचं म्हणणं. मावशी काही बोलली नाही, पण पुस्तक मिटून ठेवलं. मला ते फार लागलं. दर्शन देणे, दिसणे, प्रकट होणे, साक्षात्कार, दृष्टांत यांत नेमका फरक काय, जाणकारांनी सांगावं.

साताऱ्याहून:
ताई, मावशींना आधी हे सांगा की त्यांचा शब्द चुकलेला नाही.

पौलानं त्या ठिकाणी ग्रीकमध्ये 'ओफ्थे' हे क्रियापद चार वेळा वापरलंय. पाहणे या धातूचं ते कर्मणी रूप. ज्याला दिसलं तो चतुर्थीत, जो दिसला तो कर्ता. आता आपलं 'दिसणे' बघा. ते संस्कृत 'दृश्यते'वरून आलं, म्हणजे मुळात तेही कर्मणीच. 'केफाला दिसला' म्हणताना आपणही केफाला 'ला' लावतो आणि कर्तेपण प्रभूकडे राहतं. इतकी तंतोतंत जुळणी फार भाषांना साधत नाही. मला तर हे वाक्य मराठीत वाचताना दरवेळी आनंद होतो.

'दर्शन'ही त्याच 'दृश्' धातूचं. फक्त पुढचं क्रियापद सांभाळायचं. 'दर्शन घेतलं' म्हटलं की आपण निघालो, रांगेत उभे राहिलो, डोकं टेकवलं. पुनरुत्थानानंतर तसं कुणीच गेलेलं नाही. बाया कबरेकडे गेल्या त्या प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला. शिष्य दारं लावून आत बसले होते. तो आपण होऊन आला. म्हणून 'दर्शन घेतलं' इथे बसत नाही, 'दर्शन दिलं' चपखल बसतं.

आणि शब्द देवळातला म्हणून टाकायचा, हे मला मान्य नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली इथेच, साताऱ्यात, 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी सुरू केली. अभंगाच्या भाषेत ख्रिस्ताला हाक मारायला ते कधी बिचकले नाहीत.

'प्रकट'लाही जागा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात, तिबिर्याच्या समुद्राकाठी, मूळ शब्दच तो आहे : त्यानं स्वतःला प्रकट केलं. पण तिथलं चित्र किती साधं! कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर, जाळ्यात 153 मोठे मासे आणि "या, न्याहारी करा." लखलखाट कुठे नाही.

वाळव्याहून:
'दृष्टांत'बद्दल थोडं. आमच्या गावात 'देवानं दृष्टांत दिला' म्हणजे स्वप्नात येऊन सांगितलं, असाच अर्थ. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त मात्र दृष्टांत म्हणजे समजावून देण्यासाठी सांगितलेली गोष्ट. मराठी बायबलात तशा गोष्टींना दाखले म्हणतात. केफाला 'दृष्टांत झाला' म्हटलं तर आमची माणसं स्वप्नच समजतील. लूकचं शुभवर्तमान तर सांगतं की शिष्यांना भूत बघतोय असं वाटलं, तेव्हा त्यानं भाजलेल्या माशाचा तुकडा मागून त्यांच्यासमोर खाल्ला. मग पौलाचं काय, सर? दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर त्याच्या सोबत्यांना आवाज आला, पण दिसलं कुणीच नाही.

साताऱ्याहून:
दादा, खरी अडचण तिथेच आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात अग्रिप्पा राजापुढे पौल स्वतःच 'स्वर्गीय दृष्टांत' म्हणतो. पण करिंथकरांना लिहिताना केफासाठी जे क्रियापद, तेच स्वतःसाठी : सगळ्यांच्या शेवटी मलाही दिसला, अकाली जन्मलेल्यासारख्या मला. म्हणजे आपल्या अनुभवाला तो स्वप्नात काढत नाही. मी तिथे 'दिसला'च ठेवतो.

'साक्षात्कार' मी टाळतो. आज त्याचा अर्थ आतल्या आत झालेली जाणीव असा झालाय. पण त्याचं घराणं बघा : साक्षात, साक्षात्कार, साक्षी, सगळ्यांत 'अक्ष' म्हणजे डोळा. "तुम्ही माझे साक्षी व्हाल" हे वाक्य त्या डोळ्यासकट वाचावं.

मिरजेहून:
सर, दादा, मनापासून आभार. सगळं मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग मरीयेचं काय? ती तर म्हणते, मी प्रभूला पाहिलं." खरंच, योहान 20:18 मध्ये मरीया मग्दालीया कर्तरीच बोलते. तोवर ती त्याला माळीच समजत होती, नावानं हाक मारली तेव्हा ओळख पटली. अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांचंही तसंच. साधारण अकरा किलोमीटर, म्हणजे आमच्या मिरजेहून सांगली गाठण्याएवढी वाट, ते त्याच्याबरोबर बोलत चालले. डोळ्यांना दिसत होताच. ओळख पटली ती भाकर मोडताना.

मावशीचं म्हणणं, 'दिसणे' आणि 'ओळख पटणे' यांच्यामधल्या त्या वाटेला मराठीत एक शब्द हवा. कुणाला सुचतो का?