गाईडशी 'काय हवंय' हे कसं बोललात?

पीएचडीच्या गाईडबद्दलची नाराजी आपण सगळ्यांना सांगतो, फक्त गाईडला सोडून. म्हणून हा धागा. काय बोललात, त्याने काय फरक पडला, ते लिहा. गाईड मंडळींनीही लिहावं. गाऱ्हाणी चालतील, नावं नकोत.

भाषाविज्ञान, प्रबंधलेखन चालू
चॅप्टर पाठवला की सरांकडून आठवडेच्या आठवडे शांतता. आता मेलमध्येच लिहिते: 'फक्त युक्तिवाद टिकतो का ते पाहा, भाषा कच्ची आहे, तिकडे लक्ष देऊ नका.' उत्तर लवकर येतं. सर म्हणाले, किती खोलात वाचायचं हेच कळत नव्हतं, म्हणून बाजूला ठेवायचो. (इथे मी रात्र रात्र जागत होते!)

जैववैद्यक
भांडणाचं मूळ म्हणजे पेपरवरची नावं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयसीएमजेईच्या, लेखकपदासाठी चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा, अंतिम मजकुराला संमती, आणि जबाबदारी घेणं. चारही लागतात. नुसता निधी आणला किंवा गटावर देखरेख केली म्हणून नाव लागत नाही. हे आम्ही प्रयोगाआधीच मॅडमसोबत बसून वाचलं. निकाल हातात आल्यावर हा विषय काढला, की तो हावरटपणा वाटतो.

गणित
आमच्याकडे बहुतेकदा नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने. सुखी आहोत.

गाईड, समाजशास्त्र
उच्च शिक्षणाच्या अभ्यासक इनग्रिड मोझेस यांची १९८५ची एक प्रश्नावली आहे, गाईड आणि विद्यार्थ्याच्या एकमेकांकडून असलेल्या अपेक्षांची. त्यात विधानांच्या जोड्या असतात. एका टोकाला 'विषय निवडणं ही गाईडची जबाबदारी', दुसऱ्या टोकाला 'विद्यार्थ्याची'. मधे १ ते ५ आकडे. प्रत्येक मसुदा गाईडने मागून घ्यायचा की विद्यार्थ्याने आपणहून दाखवायचा, असेही प्रश्न. नवा विद्यार्थी आला की दोघं वेगवेगळी भरतो, मग शेजारी ठेवतो. जिथे मी ५ आणि समोरचा १, तिथून बोलणं सुरू. दरवर्षी पुन्हा भरावी, कारण सुरुवातीला बोट धरायला हवं असलेल्यालाच पुढे माझी लुडबूड नको असते. नको असावीच.

पदार्थविज्ञान
वरचं सगळं ऐकणारा गाईड मिळाला तर. माझे मीटिंगमध्ये सगळ्याला हो म्हणतात, नंतर आठवत नाही. शिफारसपत्र त्यांच्याच हातात, त्यामुळे वाद कोण घालणार? प्रत्येक मीटिंगनंतर 'आज ठरलं ते असं' म्हणून चार ओळी पाठवतो. अजूनही 'मी असं म्हटलंच नव्हतं' येतं, पण आता ते त्याच संध्याकाळी येतं.