मदत हवी आहे: फ्रीमेसनरीबद्दल नेमकं खरं काय?

फ्रीमेसनरी या जुन्या बंधुसंघटनेबद्दल वाचायला घेतलं की इल्युमिनाटी, सैतानपूजा, डॉलरवरचा डोळा असं सगळं एकदमच अंगावर येतं. जाणकारांनी कृपया सांगावं: हा धर्म आहे का? ३३व्या डिग्रीचे (पायरीचे) लोक पडद्यामागून सगळं चालवतात का? आणि "सदस्य व्हा, श्रीमंत व्हा" म्हणत फी मागणारे मेसेज खरे असतात का?

प्रतिसाद १
मेसेजचं आधी सांगतो, कारण त्यात लोकांचे पैसे बुडतात. ती निव्वळ फसवणूक आहे, एक पैसाही देऊ नका. सदस्य व्हायचं तर आपणच ग्रँड लॉजकडे (लॉज म्हणजे मेसनांचा स्थानिक गट, ग्रँड लॉज म्हणजे त्यांची वरची संस्था) किंवा ओळखीच्या मेसनकडे, म्हणजे सदस्याकडे, विचारणा करायची. मग लेखी अर्ज, त्यावर सहसा दोन सदस्यांची सूचक-अनुमोदक म्हणून सही, प्रत्यक्ष भेट, चौकशी आणि शेवटी पांढऱ्या-काळ्या गोळ्यांनी गुप्त मतदान. काही ठिकाणी एकाच काळ्या गोळीने अर्ज फेटाळला जातो, काही ठिकाणी तीन लागतात. प्रवेश फी आणि वार्षिक वर्गणी असते, पण ती लॉजकडे रीतसर भरायची. आर्थिक फायद्यासाठी येत नाही, असं उमेदवाराला स्वतः जाहीर करावं लागतं. त्यामुळे श्रीमंतीचं आमिष दिसलं की समजून जा.

डिग्र्या मुळात तीनच: एंटर्ड अ‍ॅप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन. ३३ हा आकडा स्कॉटिश राइट या वेगळ्या शाखेचा. साध्या लॉजमध्ये ३३वी डिग्रीवाला इतर मास्टर मेसनसारखाच, त्याला कसलाही जादा हुकूम चालवता येत नाही.

प्रतिसाद २
धर्म नाही. मोक्षाचा मार्ग सांगत नाहीत आणि लॉजमध्ये धर्म-राजकारणावर वाद घालायला मनाई असते. मात्र परमेश्वरावर श्रद्धा हवी, ही अट आहे. शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने (तिथल्या मेसनांच्या वरच्या संस्थेने) १८७७ मध्ये ही अट काढली आणि इंग्लंडच्या ग्रँड लॉजने त्यांच्याशी संबंध तोडले. म्हणून "सगळे मेसन असेच" हे वाक्यच मुळात चुकतं.

सैतानपूजेची कहाणी लिओ टॅक्सिल या फ्रेंच लेखकाने रचली आणि १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भरसभेत ती बनावट असल्याचं कबूलही केलं. तरी त्यातलं ल्युसिफरबद्दलचं (सैतानाबद्दलचं) अवतरण अजून अमेरिकी मेसन नेता अल्बर्ट पाइकच्या नावावर फिरतं. पुढे पाठवण्याआधी एवढं तरी तपासा, ही कळकळीची विनंती.

इल्युमिनाटी ही निराळी संघटना: १ मे १७७६, बव्हेरिया, संस्थापक आडाम वाइसहाउप्ट. तिचे लोक मेसन लॉजमध्ये शिरले होते, गोंधळ तिथूनच. १७८५ पर्यंत सरकारी बंदीने ती मोडली.

मूळ प्रश्नकर्ता
आभार! डॉलरवरचा डोळा राहिला. आणि स्त्रियांना प्रवेश असतो का?

प्रतिसाद २
तो डोळा अमेरिकेच्या १७८२ च्या राजमुद्रेतला, नोटेवर आला १९३५ मध्ये. त्रिकोणातला डोळा हे ख्रिस्ती चित्रकलेतलं त्याहून जुनं चिन्ह. मुद्रेला अंतिम रूप देणारे चार्ल्स थॉमसन आणि विल्यम बार्टन मेसन असल्याचा पुरावा नाही.

स्त्रियांचं म्हणाल तर इंग्लिश परंपरेच्या लॉज फक्त पुरुषांच्या. पण १८९३ पासून फ्रान्समध्ये स्त्री-पुरुषांची मिश्र संघटना आहे आणि इंग्लंडमध्ये केवळ स्त्रियांच्याही आहेत. अर्ज करण्याआधी लॉज कोणत्या परंपरेतली, तिला कोणाची मान्यता आहे हे विचारून घ्या, कारण एका परंपरेच्या सदस्याला दुसरीच्या बैठकीत सहसा बसू देत नाहीत.