अनुभव धागा : ओस पडलेले चर्चागट आणि तिथे उरलेली माणसे

धागाकर्ता

व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे, जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या एका ईमेल गटाचा मी एकोणीस वर्षे सदस्य आहे. एके काळी सकाळी संगणक सुरू केला की चाळीस-पन्नास निरोप येऊन पडलेले असत. आता महिन्याकाठी चार येतात, आणि लिहिणारे आम्ही सात जण उरलो आहोत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळाने आपले चर्चाविभाग २० फेब्रुवारी २०१७ रोजी काढून टाकले, याहू ग्रुप्सना १५ डिसेंबर २०२० रोजी कायमचे टाळे लागले, आणि १९७९ साली ड्यूक विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून निघालेल्या यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर गूगल ग्रुप्समधून लिहिण्याची सोय २२ फेब्रुवारी २०२४ रोजी संपली. या तारखा कुठेही मिळतात. माणसांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. म्हणून आपल्या गटात कोण उरले आहे, आपण तिथे का थांबलात किंवा तिथून का निघालात, हे सवडीने आणि सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती.

यूजनेटवरील एक सदस्य

हौशी खगोलनिरीक्षकांच्या गटात मी १९९४ साली आलो, तेव्हा जुनी मंडळी आदल्या वर्षीच्या सप्टेंबरबद्दल हळहळत असत. दर सप्टेंबरला विद्यापीठांत दाखल झालेले नवे विद्यार्थी यूजनेटवर येत, काही आठवडे गोंधळ घालत आणि मग तिथल्या रीतीभाती शिकून रुळत. पण १९९३ पासून घरगुती इंटरनेट सेवांचे ग्राहक बारा महिने येऊ लागले आणि तो सप्टेंबर संपलाच नाही. मीही त्याच लोंढ्यातून आलो होतो. तरीही एका ज्येष्ठ सदस्याने मला वेगळे पत्र लिहून उत्तर मूळ मजकुराच्या खाली द्यावे, नको तो भाग छाटावा आणि सही चार ओळींपेक्षा मोठी ठेवू नये, हे शांतपणे समजावले. उरलेले लोक आजही हे नियम पाळतात.

मागच्या महिन्यात अल्बिरिओ या जोडताऱ्यावर चर्चा चालली होती. एकाला त्यातला लहान तारा निळा दिसतो, दुसऱ्याला हिरवट, आणि या दोघांचा हा वाद मी पूर्वी अनेकदा वाचलेला आहे. प्रत्येक उत्तरागणिक उद्धृत ओळींपुढे एक चिन्ह वाढते, ती चिन्हे वाढत वाढत पाचावर गेली, म्हणजे पाच फेऱ्या झाल्या होत्या, आणि सहाव्या फेरीत दुसऱ्याने लिहिले, की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून आपल्यालाही तो तारा स्वच्छ निळा दिसू लागला आहे. तीस वर्षे एकाच गटात राहिल्याशिवाय असे वाक्य वाचायला मिळत नाही, म्हणून मी थांबलो आहे.

वाचनमात्र

एका बागकामाच्या गटात मी नऊ वर्षे केवळ वाचत होते. कलमे का जगत नाहीत, याचे एका सदस्याने दिलेले उत्तर मी वहीत उतरवून घेतले होते आणि त्यावर माझी सगळी बाग उभी राहिली. आभार मानण्यासाठी अखेर मी नाव नोंदवले, तेव्हा त्यांचा शेवटचा प्रतिसाद चार वर्षांपूर्वीचा असल्याचे दिसले. तरीही मी आभार लिहिले आहेत. उत्तर आलेले नाही.

माजी नियंत्रक

समाजमाध्यमांनी आणि व्हॉट्सॲपने आपले गट ओस पाडले, असे सर्रास म्हटले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु मी ज्या भाषाविषयक गटाचा अकरा वर्षे नियंत्रक होतो, तिथले दार आम्ही जुन्यांनीही आतून लावून घेतले होते, हे मला लिहिलेच पाहिजे. नव्या सदस्याने प्रश्न विचारला की पाच मिनिटांत कोणीतरी ‘यावर आधी चर्चा झाली आहे, शोधा’ असे लिहून मोकळे होई. शोधण्याची सोय इतकी तोकडी होती, की आम्हा जुन्यांनाही ती चर्चा सापडत नसे. त्या माणसाने पुढे कधी तोंड उघडले नाही, तर आम्ही त्याला शिस्त समजत होतो. पुढे प्रश्नच येईनासे झाले, आणि उरलेले आम्ही एकमेकांची मते आधीच ठाऊक असल्यामुळे गप्प बसलो. जुन्या नोंदी चाळताना अनुत्तरित राहिलेले प्रश्न दिसतात, तेव्हा फार वाईट वाटते. त्यांतल्या काहींना मी आता उत्तरे लिहीत आहे. विचारणारे परत येतील अशी आशा नाही, पण प्रश्न चांगले होते.

काळजीवाहकांच्या गटातून

स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची घरी काळजी घेणाऱ्यांचा आमचा गट आहे. आमची मूळ जागा बंद झाली, तेव्हा उशिरा जाग आल्यामुळे आम्हाला फक्त निरोप वाचवता आले, छायाचित्रे गेली, आणि नव्या जागी जेमतेम पाचवा हिस्सा सदस्य आले. गटात एक जण असे आहेत, की त्यांच्या आईला जाऊन दहा वर्षे झाली तरी ते गट सोडून गेले नाहीत. रात्री दोन वाजता कोणी ‘आई दार उघडून बाहेर जायला निघाली आहे, काय करू’ असे लिहिले, की त्यांचे उत्तर येई : अडवू नका, चप्पल घालून थोडे सोबत चाला, मग तिला पाणी हवे का विचारा आणि परत वळा. हे माझ्याही बाबतीत घडले आहे, आणि त्या रात्री आम्ही दोघी अर्ध्या तासात घरी परतलो होतो.

गेले दोन महिने त्यांचे लिहिणे थांबले आहे. आम्हाला त्यांचा केवळ आयडी माहीत आहे. खरे नाव, गाव, दूरध्वनी यांपैकी काहीही कोणी कधी विचारले नव्हते. अशा वेळी इतर गट काय करतात, हे कृपया कोणी सांगेल का?

धागाकर्ता

ताई, आपल्या सदस्यांची खबर लवकर मिळो. आमच्या गटात आम्ही प्रत्येकाने घरातल्या एका माणसाकडे गटाचा पत्ता आणि आपल्यामागे गटाला कळवायचा दोन ओळींचा मजकूर लिहून ठेवला आहे. खरे नाव कळवण्याची सक्ती नाही. मागच्या वर्षीपर्यंत आम्ही आठ होतो. एके दिवशी आठव्या सदस्याच्या पत्त्यावरून त्यांच्या मुलीने त्या दोन ओळी पाठवल्या आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली, की बाबांच्या टेबलाखाली व्हॉल्व्हची एक पेटी आहे, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे, ती कोणाला उपयोगी पडेल का. त्याच रात्री सातही जणांची उत्तरे गेली. पेटी आता आमच्यातल्या सर्वांत नव्या सदस्याकडे आहे, आणि ज्या चिठ्ठीवरचे अक्षर लागत नाही तिच्याबद्दल तो अधूनमधून गटावर विचारत असतो.