थ्रॉटल बॉडी 44 ची 46 मिमी केली तर घाटात फरक पडेल का?

घाटवाट_सातारा
गाडी 1300 सीसी, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) पेट्रोल, केबलचा थ्रॉटल, मॅप सेन्सर (थ्रॉटलच्या पुढे, इंजिनकडच्या वाटेतला हवेचा दाब मोजणारा). यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरला 2500 आरपीएमच्या आसपास दम टाकते. प्लग नवीन, टॅपेट सेट केलेत. एमआयडीसीतला एक टर्नर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा शिरते तो नळीसारखा भाग) 44 ची 46 मिमी बोअर करून मोठा फ्लॅप (पेडल दाबलं की उघडणारी आतली झडप) बसवून देतो म्हणतोय. करावं का? नंतर काय त्रास होतो?

कृष्णाकाठ
दादा, आधी हिशोब करा, मग लेथ. 44 चं 46 केलं की भोकाचं क्षेत्रफळ साधारण 9 टक्के वाढतं, ऐकायला भारी वाटतं. पण 1300 सीसी इंजिन 2500 ला मिनिटाला जेमतेम 1400 लिटर हवा ओढतं. 44 मिमीच्या भोकातून ती सेकंदाला 15 मीटरच्या वेगाने जाते. फ्लॅप पूर्ण उघडा असताना एवढ्या वेगाला अडथळा जवळपास नसतोच. 6000 ला वेग 36 मीटरच्या घरात जातो, तरी घट सरासरी 1 किलोपास्कलच्या आतबाहेर. म्हणजे तुमचा त्रास ज्या आरपीएमला आहे, तिथे मोठ्या बोअरचा काहीच उपयोग नाही.

खात्री करायची तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला जोडून सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) लावा. इग्निशन ऑन, इंजिन बंद, तेव्हा मॅपचं रीडिंग लिहून ठेवा. साताऱ्याच्या उंचीला ते 93 किलोपास्कलच्या आसपास यायला हवं. मग मोकळ्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून 2500 ते 5500 पर्यंत बघा. 91-92 राहिलं तर हवेच्या वाटेत अडथळा नाही. 87-88 वर आलं तर आधी फिल्टर काढून पुन्हा मोजा (ऊसतोडीच्या दिवसांत तो लवकर चोंदतो, चाचणीपुरताच काढा, धुळीच्या रस्त्याला नको). फिल्टर काढूनही तेवढंच आलं तर डक्ट (फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची नळी) बघा, आणि शेवटी थ्रॉटलचा विचार करा.

लेथकाम_कुपवाड
करायचंच ठरलं तर टर्नरला हे सांगा, कारण इथेच काम बिघडतं. फ्लॅप गोल चकती नसते. बंद असताना ती काटकोनात बसत नाही, काही अंश तिरकी टेकते, म्हणून किंचित लंबगोल असते आणि कडा तिरप्या घासलेल्या असतात. 46 मिमी बोअरला 6 अंशाचा कोन धरला तर लांब बाजू 46.25 भरते. शाफ्टच्या दिशेने मात्र 46 पेक्षा नखभर कमी. सरळ गोल चकती कापली तर एकतर भोकात काटकोनात अडकते, नाहीतर कडेने हवा गळते आणि आयडल (पेडल सोडल्यावरचा आरपीएम) 1500 च्या खाली येतच नाही. जुन्या फ्लॅपचा कोन मोजून त्याच कोनात मँड्रेलवर (लेथवर चकती धरायच्या दांड्यावर) नवी कापायची.

बोअर करताना चार जबड्यांच्या चकमध्ये डायल लावून 0.02 मिमीत सेंटर करा. भिंत सगळीकडे 3 मिमी उरली पाहिजे; कास्टिंग एका बाजूला पातळ निघतं, आधी मोजा. व्हॅक्यूमची बारीक छिद्रं भुश्याने बुजतात, ती एकेक उघडून बघा. फ्लॅपचे स्क्रू मागून ठोकून फुलवलेले असतात, ते घासून काढावे लागतात. परत तेच कधीच वापरू नका. नवे स्क्रू, लॉकटाइट, आणि पुन्हा फुलवायचे. सुटलेला स्क्रू सरळ सिलिंडरमध्ये जातो, मग पिस्टन आणि व्हॉल्व्ह दोन्ही गेले. मॅनिफोल्डचं (थ्रॉटलमधून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचं) तोंड आणि गॅस्केटही 46 ला मिळवा. आत पायरी राहिली तर खर्च पाण्यात.

सेन्सरवाला
आणि आयडल चढलं की लोक स्टॉप स्क्रू (बंद फ्लॅप जिथे टेकतो तो) पिरगाळतात. रंगाचा ठिपका मारलेल्या त्या स्क्रूला हात लावू नका. टीपीएसला (फ्लॅप किती उघडा आहे ते सांगणारा सेन्सर) फ्लॅप बंद असताना साधारण 0.5 व्होल्ट येतात (तुमच्या मॅन्युअलचा आकडा धरा). स्क्रूने फ्लॅप उघडा राहिला तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) थ्रॉटल बंद झालाय हे कळतच नाही. आयडल वरखाली होतं, आणि घाट उतरताना पेट्रोल कट व्हायला हवं तेही होत नाही. मोठ्या बोअरला पेडलच्या पहिल्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच जास्त हवा शिरते, म्हणून पोवई नाक्याच्या गर्दीत गाडी हिसके देते. पिकअप वाढल्यासारखा वाटतो तोही त्यामुळेच. ताकद तेवढीच असते.

घाटवाट_सातारा
इंजिन बंद, की ऑन, मॅप 93. चढाला पेडल तळाला, 2500 ला 84. फिल्टर काढला तरी 84-85.

कृष्णाकाठ
एवढ्या कमी आरपीएमला 9 ची घट म्हणजे बोअर लहान नाही, फ्लॅप पूर्ण उघडत नाही. इंजिन बंद करून डक्ट काढा. एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने आत बघायचं: फ्लॅप हवेच्या दिशेला अगदी समांतर झाला पाहिजे. तिरका दिसला तर पेडलखालची जाड मॅट काढा आणि थ्रॉटलकडच्या नटाने केबलचा ढिलेपणा कमी करा, पण 2-3 मिमी खेळ ठेवा, नाहीतर आयडल चढेल. त्याच वेळी कार्ब क्लीनर मऊ फडक्यावर घेऊन बोअर आणि फ्लॅपची कड पुसा. स्प्रे थेट टीपीएसकडे किंवा शाफ्टवर मारू नका. पॉलिश पेपर अजिबात नको, काही बॉडींना आतून लेप असतो, तो गेला की आयडल कायमचं बिघडतं.

मग पुन्हा तोच चढ, तोच गिअर, आणि रीडिंग इथे टाका. 91 च्या पुढे गेलं आणि दम तरीही टाकत असेल तर कॉम्प्रेशन आणि क्लच तपासू.