प्रतिसाद: 3 टनाचे दोन पट्टे, तरी 4 टनाची डाय पडली कशी?

वर विचारलंय, क्रेनला लावलेल्या दोन पट्ट्यांची (स्लिंगची) मिळून क्षमता 6 टन, मग 4 टनाच्या डायला (प्रेसच्या जड लोखंडी साच्याला) पट्टा तुटला कसा? कोनामुळे. पट्टा आडव्याशी 60 अंशात असेल तर प्रत्येकावर साधारण 2.3 टन ताण येतो, 45 अंशात 2.8, आणि 30 अंशात तब्बल 4 टन! नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमध्ये छताची उंची कमी पडते म्हणून आखूड पट्टे लावतात, तिथेच घात होतो. 45च्या खाली जाऊच नका. लांब पट्टे किंवा लिफ्टिंग बीम (पट्टे सरळ खाली सोडता येतात असा आडवा दांडा) वापरा.

दुसरं कारण डायची धार. ताणलेला पट्टा कोपऱ्यावर जरासा सरकला तरी सुरीने कापल्यासारखा फाटतो. कॉर्नर गार्ड (धार आणि पट्टा यांच्यामध्ये ठेवायचं संरक्षक कव्हर) हवाच. गोणपाटाची घडी चालत नाही. पट्ट्यावर काप दिसला किंवा क्षमतेचं लेबल गेलेलं असलं, तर तो कापून भंगारात टाका, कारण कोपऱ्यात ठेवलेला पट्टा रात्रपाळीला हमखास परत वापरला जातो.

बोटं मात्र बहुतेक वेळा पट्ट्याची ढील निघून तो ताणला जाताना चिरडतात. पट्टा हाताने धरून ठेवू नका. वीतभर उचलून थांबा, क्रेनचा ब्रेक धरतोय का बघा, मगच पुढे न्या. डाय फिरवायला दोरी बांधा, हात लावू नका.