उद्देशाबाहेरचं पाणी राखीव नसतं

'अमेरिकेत राष्ट्रीय वन जाहीर झालं की तिथले मासे, गुरं, पर्यटन या सगळ्यासाठी लागणारं पाणी आपोआप राखीव', असं बऱ्याचदा म्हटलं जातं, पण हे विधान १९७८ नंतर टिकत नाही. न्यू मेक्सिकोतल्या गिला वनातल्या रिओ मिम्ब्रेस नदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी राष्ट्रीय वनांच्या १८९७ च्या कायद्यातले दोनच उद्देश धरले: पाण्याचा प्रवाह राखणं आणि लाकडाचा अखंड पुरवठा. १९६० च्या कायद्याने वन्यजीव, मासे, चराई वगैरे उद्देश जोडले, पण ते दुय्यम ठरले. त्यांच्यासाठी वनखात्याने राज्याच्या कायद्याने हक्क मिळवायचा, म्हणजे जुन्या हक्कदारांच्या मागे, रांगेत शेवटी उभं राहायचं. टंचाईत पाणी आधी तुटतं ते याच नव्या हक्कांचं.

सहसा चर्चेत न येणारा मुद्दा असा की पाण्याचा प्रवाह राखण्याच्या त्या पहिल्या उद्देशाच्या आधारे वनखात्याने कोलोरॅडोत प्लॅट नदीच्या खोऱ्यासाठी वेगळी मांडणी करून पाहिली. बर्फ वितळताना येणारा मोठा लोंढा पात्रातला गाळ हलवतो आणि झुडपांना पात्रात रुजू देत नाही. तो वळवला तर पात्र आकसतं, म्हणून तो राखीव हवा. शास्त्र मला पटतं. पण या प्रवाहाविना वनाचा मूळ उद्देशच फसेल, हे सिद्ध झालं नाही आणि १९९३ मध्ये दावा फेटाळला गेला. त्यात कोलोरॅडोत नदीत वाहतं ठेवण्याच्या पाण्याचा हक्क फक्त राज्याच्या जलसंधारण मंडळालाच घेता येतो, त्यामुळे 'राज्याकडे अर्ज करा' हा मार्गही वनखात्याला स्वतःच्या नावाने खुला नाही.